दोन पाळ्यांच्या मधला दिवस

ऊस लावणाऱ्या माणसाला सुटी कधी असते, असे कोणी विचारले तर उत्तर देताना आपण सगळेच अडखळू. नोकरदाराला रविवार असतो, मास्तरांना मे महिना असतो. आपल्याला बेणे, लागण, खुरपणी, बांधणी, तोड आणि तोड होते न होते तोच खोडवा. त्यातून आपल्या वऱ्हाडात ऊस म्हणजे पाहुणा. घरचा मालक कापूस, त्याच्या पंक्तीला तूर आणि सोयाबीन. पण पाहुण्याची सरबराई घरच्यांपेक्षा जास्त करावी लागते, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

यंदा माघात मात्र एक दिवस आमच्या हाती लागला. ऊस तुटून गेला होता, खोडव्याला पहिले पाणी झाले होते आणि पुढच्या पाळीला दहा दिवस अवकाश होता. हरभऱ्याला पाणी द्यायचे होते, पण त्या आठवड्यात विहिरीवर लाईन रात्रीची. म्हणजे रात्री दहापर्यंत माणूस मोकळा. असा दिवस कॅलेंडरात छापलेला नसतो, तो आपणच ओळखून धरावा लागतो. आम्ही धरला आणि बार्शीटाकळीचे देऊळ, महानचे धरण आणि शेतातले रोडगे असा बेत केला. सगळे मिळून अंतर म्हणाल तर पंधरा-वीस किलोमीटरचे. काश्मीर-कन्याकुमारी करून आलेल्या मंडळींनी हसू नये.

या सहलीमागे एक काम दडलेले होते, तेही सांगून टाकतो. वडील जाऊन चार वर्षे झाली, आई त्यांच्या आधीच गेली. कारखान्याचा शेअर अजून वडिलांच्याच नावावर. त्यांनी नामनिर्देशन केलेले नव्हते. (वाचणाऱ्यांपैकी कितीजणांनी केले आहे, हे आम्ही येथे विचारीत नाही.) १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या ३० व्या कलमाप्रमाणे सभासद वारल्यावर त्याचा हिस्सा नामनिर्देशित माणसाकडे जातो, आणि तसा कोणी नसेल तर कायदेशीर वारसाकडे. वारस आम्ही तिघे : थोरल्या ताई, मधले दादा आणि शेंडेफळ आम्ही. शेअर दादांच्या नावे करावा असे आम्हा भावांत ठरलेले होते. राहिली ताईंची सही.

ताईंना दिले हिंगोलीकडे. त्यांचे लग्न झाले तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होते आणि हिंगोली परभणीत. म्हणजे सासर-माहेर लागून लागून. पुढे १९९८ साली वाशीम निराळा जिल्हा झाला, १९९९ साली हिंगोली झाला, आणि ताई जागच्या न हलता त्यांचे माहेर एक जिल्हा लांब गेले. जमिनीचे हक्कसोड त्यांनी वडील गेले त्याच वर्षी एका साडीचोळीवर करून दिले होते. तेव्हापासून त्या फारशा आल्या नव्हत्या. बोलल्या काही नाहीत, पण आल्या नाहीत. त्यामुळे आता शेअरच्या सहीसाठी फोन करायचा म्हटल्यावर दादांनी तो तीन दिवस पुढे ढकलला आणि चौथ्या दिवशी आम्हाला करायला लावला.

ताई पलीकडून म्हणाल्या, “येते ना. पण घरात बसून सही करून अन् चहा पिऊन वापस नाई जाणार. महानचं धरण दाखवा मले. किती वर्सं झाली, नुसतं ऐकून रायली.”

दादांना हे फारच पसंत पडले. त्यांचा हिशेब सरळ होता. देवीचे दर्शन, धरणाचे पाणी, वरून तुपात बुडवलेले रोडगे, आणि माणूस तृप्त असला की पेन आपोआप चालते.

आदल्या दिवशी ताई पॅसेंजरने बार्शीटाकळी स्टेशनावर उतरल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ज्वारीच्या लाह्यांचा डबा. उतरल्या त्या हलेचनात. गाडी निघून गेली तरी रुळांकडे पाहत उभ्या. आमच्या पुतण्याने विचारले, “आत्या, काही विसरलं काय गाडीत?”

“नाई रे. लहान लाईन आठवली.”

पोरांना लहान लाईन ठाऊक नाही. हा मार्ग २००८ पर्यंत मीटरगेजचा होता, दोन रुळांत अंतर एकच मीटर. आताच्या ब्रॉडगेजचे ते एक मीटर आणि वर ६७ सेंटिमीटर असते. काचीगुड्याहून निघून पूर्णा, अकोला, खांडवा करीत राजस्थानात जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच लहान लाईनीवरून धावायची. अकोल्याच्या पलीकडे सातपुड्यात धूळघाटाजवळ तर रूळ वेटोळे घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जात, आणि खिडकीतून आपण आलो ती वाट खाली दिसे. ताईंनी हे सगळे स्टेशनापासून घरापर्यंत सांगितले. पहिल्या दिवाळीला माहेरी येताना जऊळका, अमानवाडी, लोहगड अशी स्टेशने बोटांवर मोजीत आल्याचेही सांगितले. दादा मान डोलवीत होते. सहीचा विषय त्या रात्री निघाला नाही.

सकाळी जीप आली. आम्ही दोघे भाऊ, दोघांच्या घरची माणसे, चार लेकरे, ताई, आणि शेजारचे निवृत्त मास्तर. मास्तरांना बोलावले नव्हते. पण आमच्या गावात सहल निघाली आणि मास्तर घरी राहिले, असे आजवर झालेले नाही. गोवऱ्यांचे पोते टपावर बांधले. पीठ, डाळ, वांगी, तेल, तूप असे सामान पायांत. गुळाची भेली एका कापडी पिशवीत, आणि त्याच पिशवीत, मळू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घालून, शेअर वर्ग करण्याचा फॉर्म. ही मांडणी दादांची. ती लक्षात ठेवावी.

बार्शीटाकळीला पहिला मुक्काम कालंका देवीचा. देऊळ काळ्या दगडाचे, बाहेरून कोरीव, आत शिरले की गार. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत त्याची गणना आहे. आपण सगळे त्याला हेमाडपंती म्हणतो. मास्तरांनी तेथेच आम्हाला उभे केले आणि वर्ग सुरू केला. देवळाचा शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इसवी सनाच्या ११७६-७७ चा. त्यात हेमाद्रिदेव नावाच्या राजाचा उल्लेख येतो. पण हा हेमाद्री निराळा. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, तो या लेखानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी, महादेव आणि रामदेवराव यांच्या दरबारात होता.

आमची धाकटी बोलली, “म्हणजे हेमाडपंत जन्मायच्या आधीचं देऊळ? मग हेमाडपंती काहून म्हणतात?”

मास्तर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “सगळ्या वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणत होतो का नाही? तसंच ते.”

साडेआठशे वर्षांपूर्वी आपल्या या टाकळीत दगडावर अक्षर कोरणारा माणूस होता, याचे लेकरांना काही विशेष वाटले नाही. त्यांना खांबाआड लपायला जागा भरपूर सापडली होती. वहिनी मात्र बराच वेळ बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती पाहत होत्या. एका बाईच्या मूर्तीच्या दंडावरचा दागिना त्यांनी ताईंना दाखवला. “वाकी हाय पाहा. आजीजवळ अशीच होती.” दोघी तेथे इतक्या रमल्या, की दादांना दोनदा हाक मारावी लागली.

जीप महानच्या रस्त्याला लागली. मास्तरांनी मागे वळून विचारले, “वहिनी, धरणावर किती वेळा जाणं झालं?”

वहिनी म्हणाल्या, “मी कुठं गेली? मंगरूळपीरला लग्नाला जाताना बसमधून पायलं. पाटी पायली. धरण नाई पायलं.”

जीपमध्ये जरा शांतता झाली. वहिनी याच तालुक्यातल्या. आमच्या घरात येऊन त्यांना सत्तावीस वर्षे झाली. दादा गेल्या वर्षीच मित्रांबरोबर धरणावर जाऊन आले होते, त्याच्या आधीही गेले होते, आणि प्रत्येक वेळी डबा वहिनींनीच बांधून दिला होता. ताईंनी दादांकडे पाहिले. दादा खिडकीबाहेरची तूर पाहू लागले. तूर कापून झालेली होती, नुसत्या काड्या उभ्या होत्या.

धरण म्हणजे काटेपूर्णा नदी अडवून महानला केलेला जलाशय. अकोला शहर पिते ते पाणी येथले. उपयुक्त साठा ८६ दशलक्ष घनमीटरांच्या आसपास. शहराचे पिणे आधी आणि शेताचे सिंचन मागाहून, हा क्रम ठरलेला आहे, तो योग्यही आहे. पण ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी भिंतीवर उभे राहून पाण्याची पातळी पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटात काय होते, ते त्यालाच माहीत. जलाशयाच्या भोवतालचे जंगल १९८८ साली अभयारण्य झाले. सुमारे ७३ चौरस किलोमीटरचे हे रान चौशिंग्यासाठी ओळखले जाते. चार शिंगांचे हे लाजाळू हरीण आम्हाला दिसले नाही. मास्तरांना दिसले असे मास्तर म्हणतात.

यंदा पाणी बरे होते. माघाचे कोवळे ऊन, वारा, पाण्यावर दूरवर बदकांचा काळा ठिपक्याठिपक्यांचा पट्टा. ताई काठावर बसल्या, त्यांनी पाय पाण्यात सोडले. मग वहिनींनीही सोडले. मग आमच्या घरच्या. तिघी तशाच बसलेल्या, कोणी बोलेना. आमच्या आठवणीत या तिघी एका वेळी, हातात काम नसताना, बसलेल्या आम्ही पहिल्यांदा पाहिल्या.

मास्तरांना शांतता सहन होत नाही. त्यांनी विचारले, “ताई, हे पाणी कुठं जाते, सांगा.”

“अकोल्याच्या नळाले.”

“अन् उरलेलं?”

मग त्यांनी काठीने रेतीत नकाशा काढला. काटेपूर्णा वाशीमकडच्या डोंगरात उगम पावते, उत्तरेला येऊन पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. हिंगोलीची कयाधू मात्र पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जाते. मधे वाशीमचे पठार. तेथे पाऊस पडला की एक थेंब इकडे घरंगळतो, दुसरा तिकडे. गंमत अशी की पूर्णा जंक्शनची पूर्णा आणि आपली पूर्णा यांची नावे एक असली तरी नद्या दोन. तिकडची पूर्णा गोदावरीला मिळते.

ताई नकाशाकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, “म्हणजे माहेरचं अन् सासरचं पाणी जन्मात एकमेकाले भेटत नाई. म्हणून मले मधात गाडीनं ये-जा करा लागते.”

यावर सगळ्यांत मोठ्याने दादा हसले. जरा जास्तच मोठ्याने.

जंगलाच्या हद्दीत विस्तव पेटवायचा नसतो. म्हणून स्वयंपाकाचे ठिकाण आम्ही अलीकडे, ओळखीच्या एका सभासदाच्या शेतात धरले होते. विहीर, आंब्याचे झाड, झाडाला मोहोर. आपल्या मुलखाबाहेर हे पान गेले तर तिकडच्या वाचकांसाठी रोडग्याची कृती थोडक्यात देतो. गव्हाचे जरा जाडसर पीठ, मीठ, तेलाचे मोहन, घट्ट मळायचे. लहान लहान पाऱ्या लाटून तेल लावून एकावर एक चार-पाच ठेवायच्या, वरून एका मोठ्या पारीत गुंडाळून गोळा वळायचा. गोवऱ्यांचा जाळ करून तो बसला, निखारे धरले, की गोळे त्यात ठेवायचे आणि फिरवत राहायचे. बाहेरून काळपट तांबूस झाले की कापडात घेऊन राख झटकायची, फोडायचे, आतले पदर सुटे होतात, त्यावर तूप. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. घाई करणाऱ्याने या भानगडीत पडू नये. बाहेर करपते आणि आत पीठ राहते.

दादांनी जाहीर केले की आज रोडगे पुरुष करणार, बायांनी बसून राहावे. घोषणा उत्तम होती. पीठ वहिनींनी पहाटेच मळून आणले होते, ते सोडा. दादांनी जाळ केला, गोळे निखाऱ्यांत मांडले आणि “पाच मिनिटं पाठ टेकतो” म्हणून आंब्याखाली आडवे झाले. रात्रभर हरभऱ्याला पाणी दिलेला माणूस तो. पाच मिनिटांत घोरू लागला. मास्तर चौशिंग्याबद्दल सांगत होते, आम्ही ऐकत होतो. वास आला तेव्हा वहिनी उठून गेल्या आणि चिमट्याने एकेक गोळा फिरवीत शेवटपर्यंत तेथेच बसल्या. रोडगे वाचले ते असे.

पंगत मांडली, आणि गूळ कुठे आहे म्हणून शोधाशोध सुरू झाली. लेकरू ओरडले, “वानर!”

आंब्याच्या दुसऱ्या फांदीवर एक दांडगे वानर, शेपूट लोंबते सोडून, मांडीवर आमची कापडी पिशवी घेऊन बसलेले. दादा खडबडून उठले. त्यांनी ढेकूळ उचलले, आरडाओरडा केला. वानराने त्यांच्याकडे एखाद्या जुन्या कारकुनासारखे पाहिले आणि पिशवीत हात घातला. आधी प्लॅस्टिक निघाले. ते फाडले. फॉर्म बाहेर काढला, वास घेतला, एक कोपरा चावून पाहिला, पसंत पडला नाही. मग मधोमध फाडून दोन तुकडे दोन बाजूंना सोडून दिले. एक तुकडा वरणात पडला. त्यानंतर गुळाची भेली निघाली आणि स्वारी वरच्या फांदीवर गेली.

मास्तर म्हणाले, “हरकत नोंदवली गेली!”

हसून हसून लेकरे जमिनीवर लोळली. वहिनींनी तोंडाला पदर लावला. दादा वरणातला तुकडा चिमटीत धरून उभे. त्यावर ‘हस्तांतर घेणाराचे नाव’ ही ओळ आणि पुढे दादांचे नाव स्पष्ट दिसत होते. शाई मात्र पसरायला लागली होती.

ताईंनी रोडगा फोडला, तूप घातले आणि शांतपणे म्हणाल्या, “नवा फॉर्म आणाच लागते ना आता? मग नीट भरा. हिच्या नावानं भरा.”

“कोणाच्या?”

“वहिनीच्या तुझ्या. बेणं ती तोडते, खुरपते ती, रात्री टॉर्च धरून नाकं ती बदलते. तू घोरतं अन् रोडगे ती फिरवते.”

दादांनी अडचण सांगितली, आणि अडचण खरी होती. ऊस उत्पादक सभासद व्हायचे तर नावावर जमीन लागते. वहिनींच्या नावावर सातबाऱ्यात काही नाही. ताई म्हणाल्या, मग ते आधी करा. तेव्हा मास्तर प्रथमच कामाचे बोलले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्याने आपणहून बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून. त्यानंतर १९९२ साली शासनानेही लक्ष्मीमुक्ती योजना काढली. नवऱ्याने अर्ज दिला की बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. मोठा खर्च नाही.

“लक्ष्मीमुक्ती ठाव हाय मले,” ताई म्हणाल्या. “सभेत टाळ्या लय वाजल्या होत्या. घरोघरी गेल्यावर कोणी काई बोललं नाई.”

दादा म्हणाले, “पाहू.”

“बाबाबी ‘पाहू’च म्हणत. मी हक्कसोडावर अंगठा नाई, सही केली होती, चांगली वळणदार. त्या वक्ती कोणी मले विचारलं नाई का तुले काय वाटते. आता विचारून रायले तर सांगते. ही सही मी फुकट देते, पण बिनबोभाट नाई देत.”

मग कोणी काही बोलले नाही. आंब्याखाली नुसता तूप-रोडगा खाण्याचा आवाज. वहिनींनी मान वर केली नाही, फक्त ताईंच्या पानात आणखी एक रोडगा वाढला. ताई नको म्हणाल्या, तरी वाढला.

परतताना जीपचे चाक पंक्चर झाले, स्टेपनी निघाली ती त्याहून वाईट. दोन तास रस्त्याच्या कडेला गेले. लेकरांनी ताईंच्या लाह्या संपवल्या, मास्तरांनी वाशीम जिल्ह्याच्या निर्मितीचा इतिहास संपवला. घरी पोहोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. दहाला लाईन आली. दादा मोटार सुरू करायला निघाले, आणि मागोमाग वहिनी टॉर्च घेऊन. त्या रात्री एवढा फरक झाला की ताईही गेल्या. हरभऱ्याच्या बांधावर थंडीत घोंगडी पांघरून बसल्या आणि दादांना म्हणे तीन वाजेपर्यंत लहानपणीच्या गोष्टी सांगत होत्या. दोघांत आणखी काय बोलणे झाले ते आम्हाला ठाऊक नाही. आम्ही झोपलो होतो.

ताई दुसऱ्या दिवशी सही न करता गेल्या. स्टेशनावर दादांनी त्यांची पिशवी स्वतः गाडीत चढवून दिली.

पुढची हकीकत एवढीच, की पंधरा दिवसांनी दादा कोणाला न सांगता तहसीलला जाऊन अर्ज देऊन आले. आम्हाला कळले ते वहिनींच्या आधार कार्डाची झेरॉक्स शोधताना. फेरफार अजून व्हायचा आहे. कारखान्याच्या शेअर विभागातून नवा फॉर्म आणला आहे, तो कोराच आहे, आणि गुळापासून लांब, कपाटात ठेवला आहे. ताईंचा निरोप आहे, सातबारा हातात आला की फोन करा, मी पॅसेंजरने येते, पण सही घरात नाही, त्याच आंब्याखाली करीन. वहिनींनी यंदा गोवऱ्या नेहमीपेक्षा दोन पोती जास्त थापल्या आहेत.